जोर कोणाचा

आरशात कोहळं जागच्या जागी होतं.

गोपिकाने तो क्षण नंतर पुष्कळदा मनात फिरवून पाहिला आणि दर वेळी तो तसाच दिसला. पिकअपच्या डाव्या आरशात, गाडीपासून दोनेक हातांवर, ते लाल भोपळ्याचं कोहळं हवेत टांगल्यासारखं होतं. फार हळू, एखाद्याने पाण्यात सोडावं तसं, बाहेरच्या बाजूला सरकत होतं. समोरून रत्नदीप आला. दोन्ही हात वर, तोंडावर हसू. तिच्या खिडकीजवळून तो मागे गेला, आरशात शिरला आणि त्या कोहळ्यावर छातीने जाऊन आपटला.

खरं तर रत्नदीप कुठूनच आला नव्हता. तो वडिलांच्या ढाब्यासमोर, रस्त्याच्या कडेला, जमिनीवर पाय रोवून उभा होता. धावत होती ती गाडी, गाडीत गोपिका, आणि गाडीइतक्याच वेगाने ते कोहळं.

भिजलेल्या पोत्यावर फावडं मारावं तसा आवाज झाला. बंडूजींनी ब्रेक दाबला. मागे रचलेले टमाट्याचे कॅरेट एकदम पुढे सरकले आणि केबिनच्या पाठीवर कोसळले. त्यांच्यावर बसलेला तिचा भाऊ पीयूष डोक्याने मागच्या काचेवर आला. काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"काय झालं?" बंडूजींनी विचारलं.

"रत्नदीपला लागलं, बाबा."

"किती?"

आरशात आता रत्नदीप दिसत नव्हता. रस्त्यावर फक्त लाल गर पसरलेला दिसत होता आणि ढाब्यातून माणसं पळत येत होती.

बंडूजींचं शेत कारंज्याच्या अलीकडे, नागपूरच्या बाजूला. बाप, लेक आणि मुलगा तिघं मिळून भाजी काढायचे आणि सकाळी पिकअप भरून तळेगावच्या बाजाराला जायचे. गोपिका वर्ध्याहून भौतिकशास्त्रात बीएस्सी करून आली होती. पुढच्या प्रवेशाचं नक्की होईपर्यंत ती केबिनमध्ये वडिलांशेजारी बसायची. ओमप्रकाशचा ढाबा वाटेवर होता. परतताना रिकामे कॅरेट त्याच्या बोअरवर धुवायचे आणि त्याच्या बदल्यात जाताना ढाब्याला एक भाजी द्यायची, असं न बोलता ठरलं होतं. भरलेली गाडी थांबवायला बंडूजी तयार नसत. म्हणून पीयूष मागून भाजी टाकायचा आणि ढाब्यावरून कोणीतरी झेलायचं. आधी ओमप्रकाश स्वतः झेलायचा. मग त्याचा मुलगा रत्नदीप झेलायला लागला आणि त्याचा खेळ झाला. पत्ताकोबी, दुधी, कोहळं. रत्नदीपने हात वर केले की पीयूषने सोडायचं, एवढाच नियम.

ढाब्याजवळ पुलाचं काम चालू होतं तोवर हे जमत होतं. गाड्या खालच्या कच्च्या वळणावरून रांगत जायच्या, चालत्या माणसाने गाठावं इतक्या हळू. आदल्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराने आडवे लावलेले पिंप हटवले आणि सरळ रस्ता मोकळा केला. नवं डांबर काळंभोर आणि गुळगुळीत होतं.

"मख्खन झाला बाप्पा रस्ता," बंडूजी सकाळी म्हणाले होते आणि त्यांनी पाय दाबला होता. काटा साठच्या पुढे गेलेला गोपिकाने पाहिला होता. तिलाही बरंच वाटलं होतं.

बाकी सगळं नेहमीसारखं झालं. गाडी जोरात येताना पाहून रत्नदीपने जरा आधीच हात वर केले. हात वर दिसले म्हणून पीयूषने सोडलं. हात तोच, झोका तोच.

*

ते तिघं पळत मागे आले तेव्हा रत्नदीप कडेच्या मुरमावर पडला होता. श्वास घेताना त्याच्या छातीची डावी बाजू वर येण्याऐवजी आत जात होती. ओठांवर गुलाबी फेस होता. त्याची आई उज्वला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या शर्टावरच्या कोहळ्याच्या बिया एकेक करून काढत होती, जणू बिया निघाल्या की झालं.

चहाला थांबलेल्या एका कारवाल्याने दार उघडलं. रत्नदीपला मागच्या सीटवर आडवं घातलं. उज्वला पायांशी बसली, ढाब्याचा आचारी पुढे बसला. ओमप्रकाशसाठी जागा होती, पण तो गेला नाही. त्याच्या मुठीत पीयूषचे केस होते आणि ती मूठ त्याला सोडता येत नव्हती.

"शेठ, बसा ना," कारवाला म्हणाला.

"जाय तू," ओमप्रकाश म्हणाला. "मले इथं काम आहे."

कार गेली आणि पहिला फटका बसला. तो ओमप्रकाशचा नव्हता. ढाब्याशेजारी त्याच्या पुतण्याचं, धनंजयचं, पंक्चरचं दुकान होतं. धनंजय टायर उपसायची लोखंडी टॉमी घेऊन आला आणि त्याने ती पीयूषच्या गुडघ्यामागे घातली. पीयूष बसला. मग ढाब्यावर थांबलेल्या संत्र्याच्या ट्रकवरच्या दोघांनी त्याला लाथा घातल्या. रत्नदीप कोण, हे त्यांना नीट माहीतही नव्हतं. एकाच्या पायात चप्पल होती. लाथ मारताना ती निसटून दूर पडली. तो लंगडत गेला, चप्पल घालून परत आला आणि पुन्हा मारायला लागला.

"आरे, चुकून झालं," बंडूजी मध्ये पडत म्हणाले. "त्याचा दोस्त आहे तो. ओमप्रकाशजी, तुमाले माहीत आहे ना?"

कोणीतरी त्यांना खांद्याने ढकललं. ते पडले, उठायला लागले, पुन्हा पडले. एका माणसाने त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि तो तिथेच राहिला, पोत्यावर बसावं तसा.

"चुकून?" धनंजय म्हणाला. "काल काय म्हणे हा? सगळ्यायनं आयकलं. सांगू का काय म्हणे?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. काल बोअरवर कॅरेट धुताना रत्नदीप पीयूषला म्हणाला होता, "काऊन बे, जेवत नाई का तू? लग्नात अक्षता टाकल्यासारखं टाकतं." पीयूष म्हणाला होता, "असं? मंग उद्या असं हाणतो का कोहळ्यासंगट थेट तळेगावले जाशीन." सगळे हसले होते. ओमप्रकाशने हसताना चहा सांडला होता. धनंजय तर म्हणाला होता, "तिकिटाचे पैसे वाचले रत्न्या तुये."

आता तेच वाक्य धनंजयने शब्दन् शब्द म्हणून दाखवलं आणि कोणी हसलं नाही.

"म्या पाह्यलं," चप्पलवाला म्हणाला. "गोया सुटल्यासारखं आलं ते. निशाना धरून मारलं."

तो खोटं बोलत नव्हता, हे गोपिकाला कळत होतं. रस्त्यावरून त्याला तसंच दिसलं असणार. तिने आरशात पाहिलेलं हळुवार कोहळं आणि त्याने पाहिलेली गोळी हे एकच कोहळं होतं.

पीयूषच्या एका कानाची पाळी फाटली होती. त्याने फक्त एकदा विचारलं, "रत्न्या बोलला का काही?" त्यावर त्याच्या तोंडावर बुक्की बसली.

*

भट्टीपुढे दगडी ओटा होता. त्यावर कांदे चिरायचे. ओमप्रकाशने पीयूषला केसांनी धरून तिथे ओढत नेलं आणि ओट्यावरचे कांदे हाताने खाली लोटले.

"कोणत्या हातानं फेकलं?"

पीयूषने उजवा हात पुढे केला. लपवला नाही. गोपिकाला त्या क्षणी त्याचा राग आला.

"धर याले," ओमप्रकाश म्हणाला. दोघांनी तो हात मनगटापासून ओट्यावर दाबून धरला. बोटं पसरलेली होती, नखांत शेतातली माती होती. ओमप्रकाशने धनंजयकडे हात केला आणि धनंजयने टॉमी दिली.

"काकाजी," गोपिका म्हणाली. तिला दंडाला धरून एकजण बाजूला नेत होता. तिने हिसडा दिला. "काकाजी, या हातानं जोर लावलाच नाई."

"तू बाजूले हो."

"तुम्ही आधी स्वतः झेलत होते. याच हाताचं झेललं. कधी लागलं तुम्हाले?"

"आज मारायचं होतं त्याले. कालच बोलला तो."

"आज जोर गाडीचा होता."

"गाडीले हात असते का बे?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गाडीत आपण बसून राहतो, पण गाडीसंग धावतच असतो ना?" ती ओमप्रकाशकडेच पाहत बोलत होती, बाकी कोणाकडे नाही. "आत्ता ब्रेक लागला तं कॅरेट कशे पुढे गेले? कोणी ढकलले? ते धावतच होते. कोहळंही धावतच होतं. हातातून सुटलं म्हणून त्याचं धावणं थांबत नाई. पीयूषनं फक्त बाजूले सोडलं. पुढचा वेग त्याले आधीच होता."

"मले शिकवतं?"

"नाई. तुम्ही फेकून पाहा."

ओमप्रकाशने टॉमी खाली घेतली नाही, पण मारलीही नाही.

"गाडी आहे, कोहळी आहेत," ती म्हणाली. "मागे बसा. रत्नदीप उभा होता तिथं बाज उभी करा. गाडी तेवढ्याच वेगानं आणू आणि तुम्ही तुमच्या हातानं सोडा, लेकराच्या हाती द्यावं इतकं हळू. ते हळूच लागलं, तं मी खोटी. मंग हात तोडा त्याचा. मी अडवणार नाई."

पीयूषने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्यात काय होतं ते तिने वाचलं नाही.

"शेठ, टाइमपास करून राह्यली ते," धनंजय म्हणाला. "तवरक पोलीस येईन."

ओमप्रकाश ओट्यावरच्या हाताकडे पाहत होता. मुलाच्या आधी त्याने स्वतः ही भाजी झेलली होती. पत्ताकोबी तळहातावर टपकन बसायची, ते त्याच्या तळहाताला आठवत असावं.

"बाज उभी कर," तो म्हणाला. "हात सोडू नका. इथंच धरून ठेवा."

*

धनंजयने गाडी चालवली. कडेकडेने उलट्या दिशेने गाडी मागे नेली आणि दुभाजकातल्या दूरच्या कटजवळ वळवली. मागे कोसळलेल्या कॅरेटवर ओमप्रकाश आणि गोपिका बसले. त्यांच्या पायाखाली टमाटे फुटून रस वाहत होता. ओमप्रकाशच्या मांडीवर कोहळं होतं, पहिल्याएवढंच. त्याच्या पांढऱ्या शर्टावर मुलाच्या तोंडातला गुलाबी फेस वाळला होता.

"कवा सोडू?"

"मी सांगते."

रत्नदीपने हात वर केले तेव्हा गाडी ढाब्याच्या पाटीपाशी होती. तिने ते पाहिलं होतं. त्या वेगात, त्या अंतरावरून सुटलेलं कोहळं गाडीपासून दोन हात बाजूला जाईपर्यंत बरोबर रत्नदीपपाशी पोहोचणार होतं. एक श्वास उशिरा सुटलं असतं तर ते त्याच्या पुढे जाऊन मुरमावर फुटलं असतं, आणि सगळे आता ते बघून हसत असते. हा हिशोब तिने पळत येतानाच मनात केला होता. कोणाला सांगितला नव्हता. हात कोणी आधी वर केले, हे या माणसांपुढे बोलायचं धाडस तिच्यात नव्हतं.

गाडी सुटली. धनंजयने तिसरा गिअर टाकला. वारा कानात भरायला लागला.

आणि तेव्हा तिला पुढचं दिसलं.

आपण सिद्ध काय करणार आहोत? हाताने काही केलं नाही, इतकंच नाही. हाताने नाही तर कशाने, तेही. वेग आपोआप येत नाही. तो कोणीतरी पाय दाबून दिलेला असतो. ढाब्यापुढे जमिनीवर, छातीवर एका माणसाचा गुडघा घेऊन, तो पाय पडला होता.

गाडी सावकाश चालली होती. धनंजयचं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त होतं. ती गप्प राहिली असती तर काय झालं असतं ते तिला स्वच्छ कळत होतं. कोहळं बाजेवर टपकन बसलं असतं, दोरीत झुललं असतं. बाबांच्या पायाचं नाव कोणी काढलं नसतं. ओट्यावर हात तयारच होता.

तिने तडा गेलेल्या काचेवर मूठ आपटली.

"किती आहे काटा?"

"पस्तीस," धनंजय ओरडून म्हणाला.

"वाढव."

"अजून?"

"साठच्या वर घे. तेवढाच होता." तिचा आवाज वाऱ्याने तोडला. तिने पुन्हा सांगितलं. "साठच्या वर."

इंजिनचा आवाज चढला. गाडीवर सगळं शांत होतं. टमाटे जागेवर होते, ओमप्रकाशच्या मांडीवर कोहळं जागेवर होतं. समोरून ढाबा त्यांच्याकडे झपाट्याने येत होता.

"सोडा."

ओमप्रकाशने दोन्ही हातांनी कोहळं बाहेर सोडलं. प्रसाद द्यावा तसं. गोपिकाने त्याच्या मनगटांकडे पाहिलं, त्यांत काही जोर नव्हता. कोहळं त्यांच्या शेजारी हवेत राहिलं. ओमप्रकाशने त्याच्याकडे पाहिलं. हात लांब केला तर परत घेता येईल, इतकं ते जवळ होतं. ते थोडं खाली गेलं, थोडं बाहेर सरकलं, आणि मग ढाब्याने त्याला धडक दिली.

बाज चुकली. हातभर अंतराने चुकली. तिच्यामागे पाण्याचा निळा प्लास्टिकचा पिंप होता. तो उभा फाटला. पाणी माणसाच्या उंचीइतकं उडालं, कोहळ्याचा गर भट्टीपर्यंत गेला आणि एक फोड ओट्यावर, पीयूषच्या दाबून धरलेल्या हातावर जाऊन पडली.

धनंजयने गाडी थांबवली. ते चालत परत आले तेव्हा ढाब्यावरची माणसं फाटलेल्या पिंपाभोवती जमली होती.

"बाप रे शेठ," चप्पलवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात खरं कौतुक होतं. "काय ताकद आहे तुमच्या हातात."

ओमप्रकाशने आपले तळहात उलटे करून पाहिले, मग सुलटे.

"म्या काहीच नाई केलं," तो म्हणाला.

"आरे, पिंप फाटला शेठ."

"आयकून राह्यला का तू? म्या काहीच नाई केलं. नुसतं सोडलं."

तो ओट्याजवळ गेला. पीयूषच्या हातावरची कोहळ्याची फोड त्याने बोटाने बाजूला सारली.

"सोडा याले."

दोघांनी हात सोडला. पीयूषने तो लगेच उचलला नाही. थोडा वेळ तो तिथेच पडून राहिला, जणू त्याचा नव्हताच.

ओमप्रकाशने टॉमी अजून धरलेली होती. तो गोपिकाकडे वळला. त्याचा आवाज आता मोठा नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

"मंग जोर कोणाचा?"

तिने बंडूजींकडे पाहायचं टाळलं.

"तूच म्हणे ना, गाडीचा. गाडी आपल्या मनानं धावते का? तूच आता धनंजयले म्हणे, वाढव. त्यानं पाय दाबला तं पिंप फाटला." तो थांबला. त्याला ते बोलता बोलताच उमगत होतं. "सकाळी कोणाचा पाय होता?"

"काकाजी, रस्ता मोकळा होता. सगळेच तेवढ्या वेगानं—"

"पाय कोणाचा होता?"

"माह्या," बंडूजी खालून म्हणाले.

त्यांच्या छातीवरचा माणूस उठला. बंडूजी कोपरावर उठून बसले. त्यांच्या पांढऱ्या मिशीत मुरूम अडकला होता. ते घाबरलेले होते. पण त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"पाय माह्या होता, ओमप्रकाशजी. पोरानं नाई केलं काही. आता समजलं ना तुमाले?"

"बाबा, चप्पल घाला," गोपिका म्हणाली.

"तू मधात नोको बोलू, बाई. खरं ते खरं."

धनंजय काही म्हणायला पुढे आला होता, तोही थांबला. एवढा वेळ सगळ्यांनी एकदम मारलं होतं आणि कोणाला काही वाटलं नव्हतं. आता एकट्याने, बसलेल्या माणसाला, त्याने पुढे केलेल्या पायावर मारायचं होतं. आता तरी ओमप्रकाश मारणार नाही, असं गोपिकाला वाटलं.

ओमप्रकाशच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो ऐकला. सगळ्यांनी ऐकला. त्याने टॉमी दोन्ही हातांत घेतली आणि खाली आणली.

घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या टोकाला. कापसाची वाळलेली पळाटी मोडावी तसा आवाज आला. बंडूजी ओरडले नाहीत, त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. पीयूष ओट्यावरून घसरत, पडत, बापापाशी आला.

फोन अजून वाजत होता. ओमप्रकाशने टॉमी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने फोन काढला. अंगठा चुकीच्या जागी पडला आणि स्पीकरच चालू झाला.

"आहो, कुठी आहे तुमी?" उज्वलाचा आवाज होता. मागे दवाखान्यातला गलका होता. "बरगड्या मोडल्या म्हणते डॉक्टर. नळी टाकून राह्यले. पण बोलला तो. आयकू येते का? रत्न्या बोलला."

"काय बोलला?"

"म्हणे, पीयूषले मारू नका. माह्यीच घाई झाली म्हणे. हात लवकर वर केले म्हणे म्या." तिला हुंदका आला. "काय हात, कायचे हात, मले काही समजून नाई राह्यलं. तुमी येजो लवकर."

ओमप्रकाशने फोन बंद केला नाही. तो बराच वेळ चालूच होता आणि त्यातून दवाखान्यातला कोणाचा तरी खोकला ऐकू येत होता. माणसं हळूहळू पांगायला लागली. संत्र्याच्या ट्रकचं इंजिन चालू झालं.

"तुले माहीत होतं हे?" त्याने गोपिकाला विचारलं. "हाताचं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं?" ती म्हणाली. "त्याचीच चूक आहे, असं मी तुमच्यासमोर म्हटलं असतं तं, काय केलं असतं तुम्ही पीयूषचं?"

टॉमी त्याने ओट्यावर ठेवली, कांद्याच्या जागी.

*

ढाब्यावर दुसरी गाडी नव्हती. धनंजयने मोटरसायकल काढली, पण मोडक्या पायाचा माणूस तिच्यावर बसणार नव्हता. गोपिकाने पिकअपची चावी घेतली. शेतातल्या वाटेवर ती ही गाडी चालवायची, हायवेवर कधी नाही.

कॅरेट खाली फेकून त्यांनी मागे जागा केली. टमाट्याच्या रसात बंडूजींना निजवलं. पीयूष त्यांच्या डोक्याशी बसला. ती दार लावणार तोच ओमप्रकाश आला आणि काही न विचारता मागे चढला. त्यालाही त्याच दवाखान्यात जायचं होतं. पीयूष उठून उभा राहिला, एक पाय ओढत. त्याची मूठ वळली होती, आता त्या हातात जोर होता.

"बस खाली," बंडूजी त्याला म्हणाले. "बस, बाप्पा. गाडी हालते."

ओमप्रकाश त्यांच्या पायाशी बसला. मग त्याने ते मोडकं पाऊल दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि पोटाशी धरलं, धक्का बसला तर आपल्या अंगाबरोबर हलेल, वेगळं हलणार नाही, असं.

गोपिकाने गाडी काढली. नवीन डांबरावर आवाजसुद्धा होत नव्हता. तडा गेलेल्या काचेतून मागचे तिघं दोन तुकड्यांत दिसत होते. कोणी हलत नव्हतं. बाहेर पळाटीची शेतं मागे पळत होती. लवकर पोहोचायचं तर पाय दाबायला हवा होता. पुढे पुलाच्या जोडावर खाच होती, तिथे हाडं हलू द्यायची नसतील तर उचलायला हवा होता. तिने एकदा काट्याकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.

पुलाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. कारंज्यापर्यंत बसायला मिळेल म्हणून तिने हात वर केला.

गोपिकाने दुरूनच हॉर्न दिला आणि गाडी पार उजव्या बाजूला, दुभाजकाला लागून घेतली. मागचे तिघंही एकदम डावीकडे कलले, आणि गाडी सरळ झाली तसे परत सरळ झाले. ओमप्रकाशच्या हातातून पाऊल सुटलं नाही.